तो, ती, ते आणि डेअर, डी, डास: कापडखरेदीपुरतं जर्मन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं हल्ली मोठ्या संख्येनं जर्मन शिकायला बसतात. कुणाला इंजिनिअरिंगनंतर पुढं शिकायला जायचंय, कुणाला नर्सिंगच्या नोकरीला. पुस्तक इंग्रजीतलं, नोट्स इंग्रजीतल्या आणि डोक्यातलं भाषांतरही इंग्रजीतून होतं. घोटाळा तिथंच होतो. कापडखरेदीच्या धड्यात जे जे अवघड म्हणून सांगितलं जातं, त्यातलं निम्मं मराठी माणूस लहानपणापासून बोलतोच आहे. तेव्हा हा धडा तरी इंग्रजी बाजूला ठेवून शिकावा.

आधी उच्चार, कारण इथं आपली बाजू भक्कम आहे. 'चूल', 'चोर', 'चाक' यातला जो च, तोच जर्मनचा त्स. 'नको इतकं' या अर्थाचा त्सू म्हणजे 'चूल'मधला चू, बस्स. कन्नड किंवा हिंदीवाल्याला तो मुद्दाम घोटवावा लागतो, आपल्याला फक्त ओळखावा लागतो. शब्दाच्या शेवटी ड आला की तो ट होतो: शर्टाला हेम्ट, ड्रेसला क्लाइट. शेवटचा ब तसाच प होतो, म्हणून पिवळा म्हणजे गेल्प. शब्दाच्या सुरुवातीच्या स्ट, स्पचे श्ट, श्प. ऊवर दोन टिंबं असतील तर ओठ ऊसारखे गोल ठेवून तोंडातून ई म्हणायची, आणि ओवर असतील तर ओठ ओचे ठेवून ए. खाली अशा जागी 'यू' आणि 'यो' लिहिलंय ते केवळ सोयीसाठी. 'मी' म्हणजे इश, पण त्यातला श आपल्या शहाळ्यातला नव्हे. 'ह्या' म्हणताना सुरुवातीला जी हवा सुटते, तिच्या जवळचा आहे. शब्दाच्या शेवटचा ए अगदी हलका, जवळजवळ अ: होझे लिहिलं तरी होझऽ म्हणायचं.

तो, ती, ते

जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि ते नामाआधीच्या शब्दात दिसतं: पुल्लिंगाला डेअर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला डास. इंग्रजीतून शिकणारा विचारतो, विजार बाई कशी? हा प्रश्न आपल्याला पडायचं कारण नाही. आपणही 'ती विजार', 'तो कोट', 'ते जाकीट' म्हणतोच. निर्जीव वस्तूला लिंग असतं हे कळायला मराठी माणसाला एक मिनिटही लागत नाही. फक्त कुठल्या वस्तूला कुठलं, तेवढंच पाठ करायचं.

वहीचं एक पान उभं तीन भागांत आखा. वर तो-डेअर, ती-डी, ते-डास असं लिहा आणि प्रत्येक शब्द आपल्या रकान्यातच टाका. नुसतं 'मांटेल' कधीच लिहू नये, 'डेअर मांटेल' असं एका दमात लिहावं. आर्टिकल, म्हणजे हे डेअर-डी-डास, नंतर बघू म्हणून ठेवलं की ते कायमचं राहतं.

आपलं आणि त्यांचं लिंग जुळतं असे शब्द आधी घ्या, ते फुकट मिळतात. तो कोट, डेअर मांटेल. तो स्कर्ट, डेअर रॉक. तो स्वेटर, डेअर पुलोवर. तो पट्टा, डेअर ग्युर्टेल. तो बूट, डेअर शू. तो स्कार्फ, डेअर शाल. ती पँट, डी होझे. ती टोपी, डी म्युत्से. ती पिशवी, डी ट्यूटे.

मग न जुळणारे, आणि खरी मेहनत यांच्यावरच करायची. तो शर्ट, पण डास हेम्ट. तो ड्रेस, पण डास क्लाइट. ते जाकीट, पण डी याके. तो मोजा, पण डी झोके. तो ब्लाउज, पण डी ब्लूझे. आणि गंमत म्हणजे आपली ती साडी जर्मनमध्ये डेअर झारी होते. या सहांभोवती वहीत तांबड्या पेनानं गोल काढा. घाईत बोलताना तोंडातून मराठी लिंगच बाहेर पडतं आणि चूक नेमकी इथंच होते.

दोन खुणा उपयोगी पडतात. कपड्यांचा जो शब्द हलक्या एवर संपतो तो डी समजावा: होझे, याके, ब्लूझे, म्युत्से, झोके, वेस्टे, क्रावाटे म्हणजे टाय. एर किंवा एलवर संपणारे बहुतेक डेअर: पुलोवर, मांटेल, ग्युर्टेल, श्टीफेल म्हणजे घोट्याच्या वर जाणारा बूट, एर्मेल म्हणजे बाही. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं. भाजी ती, पण भाजीबाजार तो. तसंच पावसाचा कोट डेअर रेगेनमांटेल, थंडीचं जाकीट डी विंटरयाके, बनियन डास उंटरहेम्ट.

बनियनवरून आठवलं. आपल्याकडे दुकानात बनियनला 'वेस्ट' म्हणतात. जर्मनीत वेस्टे मागितलंत तर बिनबाह्यांची बंडी पुढं येईल. 'स्लिप' म्हणजे परकर नव्हे, चड्डी. हूट म्हणजे झोपडी नव्हे, हॅट. आणि ब्लूझे म्हणजे बायकांचा शर्ट, साडीवरचा ब्लाउज तिथं त्या नावानं मिळणार नाही.

घरात सरावासाठी शिलाईच्या तीन रंगांची रिळं घ्या: निळा दोरा डेअरला, तांबडा डीला, हिरवा डासला. कपाटातल्या प्रत्येक हँगरला आणि घडीला योग्य रंगाचा दोरा बांधा. कपडा काढताना आर्टिकलसकट नाव मोठ्यानं घ्यायचं. आठ-दहा दिवसांत दोरा न बघता रंग आठवायला लागतो. दिवसाला आठ शब्द पुरे. पंचवीस घोकणाऱ्याचे चौथ्या दिवशी आठही शिल्लक राहत नाहीत.

अनेकवचनात तिघांनाही डीच लागतो, ही मेहेरबानी. नामाचा शेवट मात्र बदलतो: हेम्ट, हेम्डेन, क्लाइट, क्लायडर, रॉक, र्‍योके, शू, शूए, याके, याकेन. हातमोज्यांना हांटशूए म्हणतात, म्हणजे सरळ 'हाताचे बूट'. हा शब्द एकदा ऐकला की विसरत नाही.

घेताना बदलतो तो फक्त 'तो'

'मी शोधतोय', 'मी घेतो', 'मला लागतो' असं म्हटलं की वस्तू कर्म होते. अशा वेळी डीचं डीच राहतं, डासचं डासच. एकटा डेअर बदलून डेन होतो, आणि आइन, म्हणजे 'एक', त्याचा आयनेन होतो. इश झूखे आयनेन मांटेल, मी कोट शोधतोय. इश झूखे आयने याके, इश झूखे आइन हेम्ट. पुल्लिंगी एकवचनापुरतीच ही काळजी. मराठीत निर्जीव कर्माला आपण काही लावत नाही, 'कोट घेतो' म्हणतो, 'कोटाला घेतो' नाही. म्हणून हा बदल तोंडातून सुटून जातो. उपाय एकच: पट्टा, कोट, स्कर्ट, स्वेटर, स्कार्फ ही पाच नावं घेऊन 'इश झूखे आयनेन' आणि 'इश नेमे डेन' (मी घेतो) अशी दहा वाक्यं रोज सकाळी म्हणायची, पंधरा दिवस.

हा, ही, हे म्हणजे डीझर, डीझे, डीझेस. कुठला, कुठली, कुठलं म्हणजे वेल्शर, वेल्शे, वेल्शेस. शेवट बघा, डेअर-डी-डासचीच सावली आहे. कर्म झालं की इथंही फक्त पुल्लिंग हलतं: डीझेन, वेल्शेन.

विशेषणांचे शेवट सध्या सोडून द्या. 'निळा कोट' म्हणायला गेलात की निळ्यालाही प्रत्यय लागतो आणि तो लिंगाप्रमाणे फिरतो. पहिल्या दोन महिन्यांत त्यात शिरणाऱ्याचं बोलणंच बंद पडतं. त्यापेक्षा वाक्य तोडा: इश झूखे आयनेन मांटेल, इन ब्लाउ. किंवा डेअर मांटेल इस्ट ब्लाउ. 'आहे'नंतरच्या विशेषणाला काहीच लागत नाही. रंग: रोट लाल, ग्र्यून हिरवा, गेल्प पिवळा, श्वार्त्स काळा, वाइस पांढरा, ग्राउ राखाडी, ब्राउन तपकिरी. फिकटाला पुढं हेल, गडदाला डुंकेल. चौकडीचा म्हणजे कारीर्ट, पट्ट्यांचा म्हणजे गेश्ट्राइफ्ट. सुती कापड बाउमवोले, शब्दशः झाडाची लोकर. रेशीम झायडे; शहापूर-वडगावच्या मागावाल्यांच्या पोरांनी हा शब्द आधी पाठ करावा.

मला आवडला, मला बसत नाही

इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथं हमखास घसरतो आणि मराठीतून आलेला उभा राहतो. 'मला शर्ट आवडला' या वाक्यात कर्ता शर्ट आहे, माणूस 'मला'. जर्मनही अगदी असंच: डास हेम्ट गेफेल्ट मीअर. मीअर म्हणजे मला. वस्तू अनेक झाल्या की आपण 'बूट आवडले' म्हणतो, तेही म्हणतात: डी शूए गेफालेन मीअर. क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणे चालतं, माणसाच्या नाही. इंग्रजी वाक्य डोक्यात धरलेला मुलगा 'इश गेफाले डास हेम्ट' म्हणतो, म्हणजे स्वतःच कुणाला तरी आवडायला निघतो.

अशी तीन क्रियापदं दुकानात लागतात. गेफालेन म्हणजे आवडणं, पासेन म्हणजे मापाला बसणं, श्टेएन म्हणजे अंगाला शोभणं. डी होझे पास्ट मीअर निश्ट, ही पँट मला बसत नाही. डास क्लाइट श्टेट ईनेन गूट, हा ड्रेस तुम्हाला शोभतो. बसतं पण शोभत नाही असं होऊ शकतं, म्हणून पासेन आणि श्टेएन एकमेकांच्या जागी घालू नयेत. पासेनला पुढं त्सू जोडला की तो मॅचिंगचा अर्थ देतो: डी ब्लूझे पास्ट त्सुम रॉक, ब्लाउज स्कर्टाशी जुळतो.

आता सावध व्हा, कारण मराठी इथंच एक खड्डाही खणून ठेवते. 'मला कोट हवा', 'मला पिशवी पाहिजे' यातही मला आहे, कन्नडातल्या 'ननगे बेकु'तही आहे. जर्मनमध्ये मात्र हवं असणारा माणूस 'मी' असतो: इश म्योश्टे आयनेन मांटेल, इश ब्राउखे आयने ट्यूटे. 'मीअर म्योश्टे' म्हटलंत की चुकलंत. म्हणून वहीत दोन याद्या ठेवा. एकीत मीअरवाली तीन क्रियापदं, दुसरीत इशवाली: झूखे, ब्राउखे, म्योश्टे, नेमे. थंडीसाठी पुन्हा मराठीच खरी: मला थंडी वाजते, मीअर इस्ट काल्ट. 'इश बिन काल्ट' म्हणू नये, त्याचा अर्थ मी मायेचा ओलावा नसलेला माणूस आहे असा जातो.

वाक्याच्या शेवटी क्रियापद ही सवयही कामाला येते. कान इश डी होझे आनप्रोबीरेन? शब्द क्रमानं लावा: शकतो, मी, पँट, घालून-बघणं. 'घालून बघणं' शेवटी, आपल्यासारखंच. मदतीचं क्रियापद तेवढं पुढं उडी मारतं. ते नसेल तर आनप्रोबीरेनचे दोन तुकडे होतात आणि आन शेवटी जाऊन बसतो: इश प्रोबीरे डेन रॉक आन. तो शेवटचा आन गिळू नका.

भाव, माप, आकडे

आकडे मराठीतून शिकावेत. सत्तेचाळीस म्हणजे सात आणि चाळीस. जर्मनमध्ये झीबेन-उंट-फीर्त्सिश, सात आणि चाळीस. एकक आधी, दशक मागून. कन्नडात आणि इंग्रजीत दशक आधी येतं, म्हणून त्यातून भाषांतर करणारा ४७ ऐकून ७४ लिहितो. आपली जुळणी फक्त नवाला बिघडते. २९ला आपण एकोणतीस म्हणतो, ते नॉयन-उंट-त्स्वान्त्सिश, नऊ आणि वीस. एकोणतीस डोक्यात आलं की तीस बाहेर पडतो. ९९चं नव्याण्णव तेवढं बरोबर बसतं. तिथल्या किमती २९,९९ किंवा ४९,९५ अशाच असतात, म्हणजे बिघडणारीच जागा रोज समोर येणार. तेव्हा १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंतचे आठ आकडे वेगळे घोटा. स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश टिंब, आणि वाचताना ऑयरो हा शब्द मध्ये येतो: नॉयन-उंट-फीर्त्सिश ऑयरो फ्युन्फ-उंट-नॉयन्त्सिश. ऑयरोचं अनेकवचन किमतीत होत नाही.

खडे बाजारात फिरताना प्रत्येक पाटीवरचा भाव मनात जर्मनमध्ये म्हणा. फुकटचा सराव.

'कितीला?' असं विचारायला एका वस्तूला वास कोस्टेट, अनेकांना वास कोस्टेन. 'किती कमी करणार?' हे वाक्य मात्र इथंच ठेवून जा. साध्या दुकानात घासाघीस नसते आणि पाटीवरच्या किमतीत कर धरलेला असतो, कपड्यांवर १९ टक्के. स्वस्तात हवं तर रेडुत्सीर्ट अशी पाटी शोधायची.

माप सांगताना 'मी चाळीस आहे' नव्हे, 'माझ्याकडे चाळीस आहे': इश हाबे ग्र्योसे फीर्त्सिश. निघण्याआधी शिंप्याच्या टेपची सेंटिमीटरची बाजू वापरून मापं लिहून घ्या. पुरुषांच्या कोट-जाकिटाचं माप छातीच्या घेराच्या निम्मं असतं: ३८ इंच म्हणजे ९६.५ सेंमी, म्हणजे ४८. इंचात दहा मिळवले तरी अंदाज येतो. बायकांचं माप छातीच्या निम्म्यातून सहा वजा: ८८ सेंमीला ३८. बुटाचा इथला ८ नंबर तिथं साधारण ४२. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून घालून बघण्याचं वाक्य पाठच पाहिजे. बसलं नाही तर त्सू ग्रोस मोठं, त्सू क्लाइन लहान, त्सू एंग घट्ट, त्सू वाइट ढगळ, त्सू लांग लांब, त्सू कुर्त्स तोकडं. त्सूच्या जागी झेअर घालू नका. झेअर म्हणजे खूप, त्सू म्हणजे नको इतकं.

एक संवाद, तीनदा

दुकानात शिरताना गूटेन टाक म्हणायचं. 'या, बसा, काय दाखवू?' असं कुणी म्हणणार नाही, गादीवर घड्याही उलगडणार नाही. आपणच हँगर चाळायचे. कुणी विचारलंच, तर इश शाउए नूर, फक्त बघतोय. अनोळखी माणसाला झी, म्हणजे आपलं 'तुम्ही', आणि क्रियापदही तसंच अनेकवचनी. काका, मामा, अक्का असं काही जोडायचं नाही. 'दाखवा की' मधल्या कीचं काम तिथं माल करतं: त्सायगेन झी माल.

घरात कुणालातरी दुकानदार करा आणि हा संवाद म्हणा.

– इश झूखे आयने विंटरयाके. (थंडीचं जाकीट बघतोय.)
– वेल्शे ग्र्योसे हाबेन झी? (माप काय?)
– आख्ट-उंट-फीर्त्सिश. (अठ्ठेचाळीस.)
– डीझे हीअर इस्ट झेअर वार्म. (हे खूप उबदार आहे.)
– कान इश झी आनप्रोबीरेन? (घालून बघू का?)
– नाट्यूरलिश. उंट, पास्ट झी? (बघा की. काय, बसतंय?)
– नाइन, डी एर्मेल झिंट त्सू कुर्त्स. हाबेन झी झी आयने नुमर ग्र्योसर? (नाही, बाह्या तोकड्या. एक नंबर मोठं आहे?)
– या, आबर नूर इन श्वार्त्स. (आहे, पण काळ्यातच.)
– वास कोस्टेट झी? (केवढ्याला?)
– नॉयन-उंट-झीप्त्सिश ऑयरो फ्युन्फ-उंट-नॉयन्त्सिश. (एकोणऐंशी पंच्याण्णव.)
– गूट, इश नेमे झी. (ठीक, घेतो.)

'हाबेन झी झी' मध्ये पहिला झी म्हणजे तुम्ही, दुसरा म्हणजे ती, कारण याके ती आहे. आता हाच संवाद विंटरमांटेल घेऊन म्हणा. सात जागा बदलतात: आयनेन, डीझर, ईन, एअर, ईन, एअर, ईन. बसणारा आणि किंमत असणारा कोट कर्ता म्हणून एअर. घालून बघायचा, मागायचा, घ्यायचा कोट कर्म म्हणून ईन. तिसऱ्यांदा हेम्ट घ्या: आइन, डीझेस, आणि पुढं सगळीकडे एस. मांटेलच्या फेरीत सातपैकी पाच न अडखळता आले की पुढं जा. अडखळणं बहुधा 'पास्ट एअर' नंतरच्या ईनपाशी होतं, तिथं थांबून तेवढंच वाक्य दहा वेळा म्हणावं.

ए१ या जर्मनच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेतही हे वाया जात नाही. बोलण्याच्या भागात विषयाची चिठ्ठी मिळते, तिच्यावरून प्रश्न विचारायचा असतो, आणि खरेदी हा तिथला नेहमीचा विषय. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ६० लागतात. बेळगावकरांना ही परीक्षा घेणारं माक्स म्युलर भवन पुण्यातही आहे आणि बेंगळुरूतही.

पैसे देताना बार ओडर मिट कार्टे, असं विचारतील: रोख की कार्ड. पिशवी हवी का, हे ब्राउखेन झी आयने ट्यूटे, असं विचारतात. ती बहुधा कागदाची आणि विकतची, कारण हलक्या प्लास्टिक पिशव्या द्यायला तिथं २०२२ पासून बंदी आहे. घरून न्यावी. पावती, कासेनत्सेटेल, जपून ठेवा. दुकानातून घेतलेला चांगला कपडा नुसता आवडला नाही म्हणून बदलून मिळेलच असा कायदा नाही. बदलून देणं दुकानाच्या मर्जीवर असतं, आणि रेडुत्सीर्ट मालाला बऱ्याचदा नाहीच म्हणतात. ऑनलाइन मागवलेलं मात्र १४ दिवसांत परत करता येतं. म्हणून पैसे देण्याआधी विचारा: कान इश डी याके उम्टाउशेन? (जाकीट बदलून मिळेल का?) आणि रविवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.